कंपायलरचे म्हणणे आधी वाचून घे

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सा. न.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी मराठी, बारावीपर्यंत शाळा गुजराती माध्यमाची, आणि आता कॉलेजात सगळेच इंग्रजीत, अशी माझी स्थिती आहे. सी भाषेच्या प्रात्यक्षिकात आम्हाला वीजबिलाचा प्रोग्राम लिहायला सांगितला होता. कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) आहे. घरी मामेभावाने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि जीसीसी हा कंपायलर घालून दिला आहे. घरी प्रोग्राम कंपाइल केला की लाल आणि जांभळी अक्षरे पडदाभर येतात आणि मला काही सुचेनासे होते. एक चूक काढली की दुसरीच काहीतरी निघते. सोबत तीन दिवसांचे संदेश उतरवून पाठवले आहेत. सर म्हणतात, वॉर्निंगकडे लक्ष देऊ नका, एरर तेवढ्या काढा. मैत्रिणी तो मजकूर मोबाईलवरच्या एआयला देतात आणि आलेले उत्तर उतरवून घेतात. आता माझ्या प्रोग्राममध्ये एकही एरर उरलेली नाही, तरी कराची रक्कम नेहमी शून्यच येते. माझे इंग्रजी कच्चे आहे म्हणून हे मला जमत नाही असे वाटते. शाखा बदलावी का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

चि. विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

शाखा बदलण्याचा विचार तू आज बाजूला ठेव. तू पाठवलेले तिन्ही कागद मी नीट वाचले. त्यांत मला कच्चे इंग्रजी कुठेही दिसले नाही. घाईघाईने, भीतीपोटी न वाचलेला मजकूर मात्र दिसला. कंपायलरचे इंग्रजी हे कादंबरीचे किंवा वर्तमानपत्राचे इंग्रजी नव्हे. त्यात साधारण दोन-अडीच डझन शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि तेही ठरलेल्या साच्यांत येतात. घरी येणारे लाइट बिल ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आजीसुद्धा बिनचूक वाचतात, कारण कोणता आकडा कोणत्या चौकटीत असतो हे त्यांना ठाऊक असते. संदेशाच्या चौकटी तुला एकदा ओळखता आल्या की तुझी निम्मी अडचण संपेल. (संदेश मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे, पडद्यावर ते रोमन लिपीत दिसतील.)

तुझ्या पहिल्या कागदावरील पहिली ओळ घेऊ. ‘बिल.सी:७:५: एरर: एक्सपेक्टेड =, स्वल्पविराम, अर्धविराम, एएसएम ऑर ॲट्रिब्यूट बिफोर प्रिंटएफ.’ यातील पहिला भाग फाइलचे नाव आहे. पहिला आकडा ओळीचा क्रमांक आहे आणि दुसरा आकडा त्या ओळीतील कितवे अक्षर हे सांगतो. त्यानंतर संदेशाचा प्रकार आणि मग प्रत्यक्ष म्हणणे येते. त्याखाली तुझीच ओळ पुन्हा छापलेली असते आणि तिच्या खाली वर टोक केलेली एक छोटी खूण असते. ही खूण जीसीसीमध्ये २०१३ च्या ४.८ या आवृत्तीपासून आपोआप दिसू लागली. त्याआधी शिकणाऱ्यांना केवळ आकड्यांवर भागवावे लागे, तेव्हा ती खूण दिसते आहे तर तिच्याकडे आधी पाहावे.

आता ते म्हणणे मराठीत आण. ‘एक्सपेक्टेड अमुक बिफोर तमुक’ या साच्याचा अर्थ ‘तमुकच्या आधी अमुक यायला हवे होते’ असा आहे. इंग्रजीत जे शेवटी येते ते आपल्याकडे आधी येते, गुजरातीतही तसेच येते, म्हणून हा साचा नेहमी शेवटाकडून वाचावा. येथे कंपायलर सांगतो आहे की प्रिंटएफ हा पडद्यावर छापण्याचा शब्द येण्यापूर्वी बरोबरचे चिन्ह, स्वल्पविराम किंवा अर्धविराम यांपैकी काहीतरी यायला हवे होते. (उरलेले दोन शब्द या भाषेच्या अशा कोपऱ्यातले आहेत जिथे पहिल्या वर्षात जाण्याचा प्रसंग येत नाही, ते सोडून दे.) सातव्या ओळीत प्रिंटएफ हा पहिलाच शब्द आहे. मग त्याच्या आधी काय आहे? सहावी ओळ. आणि सहाव्या ओळीत तू ‘इंट युनिट्स’ (युनिट्स नावाची पूर्ण संख्या) लिहून अर्धविराम विसरली आहेस. कंपायलरला ओळी दिसत नाहीत, त्याला एकामागून एक येणारे शब्द दिसतात. ‘इंट युनिट्स’ वाचल्यावर विधान पुढे चालू राहणार की संपणार हे त्याला पुढचा शब्द पाहिल्याशिवाय कळू शकत नाही. म्हणून चूक सहाव्या ओळीत असूनही बोट सातवीकडे दाखवले गेले. संदेशातील ओळीचा क्रमांक म्हणजे कंपायलर जिथे अडखळला ती जागा होय. चूक तिथेच असते किंवा तिच्या मागे असते, पण पुढे जवळजवळ कधीच नसते. महिरपी कंस राहिला असेल तर ती बरीच मागे असू शकते, आणि मग ‘एक्सपेक्टेड डिक्लरेशन ऑर स्टेटमेंट ॲट एंड ऑफ इनपुट’ हा संदेश फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीवर येतो.

त्याच कागदावर दुसरी एरर आहे, ‘युनिट्स अनडिक्लेअर्ड, फर्स्ट यूज इन धिस फंक्शन’, आणि तिच्यापुढे तू लाल शाईने लिहिले आहेस, ‘पण मी तर लिहिले आहे!’ तुझे म्हणणे खरे आहे आणि कंपायलरचेही खोटे नाही. अर्धविराम नसल्यामुळे ते विधान त्याला पूर्ण समजले नाही, म्हणून युनिट्स या नावाची नोंदच झाली नाही, आणि पुढे ते नाव वापरले गेले तेव्हा त्याला ते अनोळखी वाटले. म्हणजे दुसरी एरर ही स्वतंत्र चूक नसून पहिलीची सावली आहे. तू त्या रात्री दुसरी एरर काढण्यासाठी युनिट्स आणखी एकदा खालच्या ओळीत जाहीर केलेस. मग पहिली एरर काढल्यावर तेच नाव दोनदा झाले आणि ‘रिडिक्लरेशन’ची नवी तक्रार आली. एक काढली की दुसरी निघते, असे जे तू लिहिले आहेस त्याचे कारण हे आहे.

त्यामुळे माझा पहिला आग्रह असा की पडदा वर सरकवून सर्वांत पहिल्या एररपाशी जा, ती एकच वाच, ती एकच दुरुस्त कर आणि लगेच पुन्हा कंपाइल कर. खालच्या वीस ओळी वाचूच नकोस. त्यांतील बऱ्याचशा आपोआप नाहीशा होतील. कंपायलरला पहिल्या एररवरच थांबवायचे असेल तर ‘डब्ल्यूफेटल-एरर्स’ नावाचा पर्याय आहे. असे पर्याय ‘जीसीसी’ या शब्दानंतर एक जागा सोडून द्यायचे असतात. आधी एक आडवी रेघ, तिला जोडून मोठ्या लिपीतील डब्ल्यू आणि त्याला लागूनच उरलेला शब्द लहान लिपीत, असे ते लिहितात.

संदेशाच्या प्रकारांविषयी थोडक्यात सांगते. ‘फेटल एरर’ म्हणजे पुढे वाचणेच शक्य नाही. कॉलेजचा प्रोग्राम तू घरी आणलास तेव्हा ‘कॉनिओ.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे आले, ते या जातीचे होते. ती हेडर फाइल (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायची फाइल) सी भाषेच्या प्रमाणित भागात नाही. ती डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातील कंपायलरांसोबत येत असे आणि उबुंटूवर ती नसते. ती ओळ, पडदा पुसणारे क्लिअरस्क्रीनचे विधान आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारे शेवटचे गेटसीएच काढून टाक, म्हणजे तुझ्या प्रोग्रामचे काही बिघडणार नाही. ‘एरर’ म्हणजे हे विधान भाषेच्या नियमात बसत नाही, म्हणून प्रोग्राम तयार होणार नाही. ‘नोट’ ही स्वतंत्र तक्रार नसून वरच्या संदेशाचे स्पष्टीकरण असते. उरली ‘वॉर्निंग’, आणि तिच्याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तुझ्या सरांनी जे सांगितले त्याच्याशी मी मुळीच सहमत नाही.

सरांचा हेतू मी समजू शकते. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात साठ मुलांचे प्रोग्राम चालते करायचे असतात आणि वॉर्निंग असली तरी प्रोग्राम चालतो. पण धोका नेमका तिथेच आहे. एरर तुला पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे ती कोणाचे नुकसान करू शकत नाही. वॉर्निंग असलेला प्रोग्राम मात्र चालतो, आकडे छापतो, आणि ते आकडे कोणीतरी खरे मानते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संगणक विभागात नोकरीला होते आणि कामगारांच्या वेतनचिठ्ठ्यांचा प्रोग्राम माझ्याकडे होता. तिसऱ्या पाळीत काम करणाऱ्यांना रात्रपाळीचा भत्ता द्यायचा होता. ‘शिफ्ट == ३’ अशी तुलना लिहायच्या जागी माझ्या हातून ‘शिफ्ट = ३’ असे लिहिले गेले. सी भाषेत दोन बरोबर म्हणजे तुलना आणि एक बरोबर म्हणजे किंमत घालणे (असाइनमेंट). अट तपासण्याऐवजी प्रोग्रामने प्रत्येक कामगाराच्या पाळीत ३ हा आकडा घातला, आणि शून्याखेरीज कोणतीही किंमत ही भाषा सत्य मानत असल्यामुळे ती अट प्रत्येकासाठी खरी ठरली. टर्बो सी मला दर वेळी सांगत होता, ‘पॉसिब्ली इनकरेक्ट असाइनमेंट’. तीन आठवडे ती ओळ माझ्या पडद्यावर होती आणि मी ती वाचली नाही, कारण प्रोग्राम चालत होता. दिवसपाळीच्या माणसांना त्या महिन्यात भत्ता मिळाला आणि पुढच्या महिन्यात तो त्यांच्या पगारातून कापून घेतला गेला. दिवाळीच्या तोंडावर ज्यांचे पैसे कापले गेले त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. चूक एका चिन्हाची होती आणि ती मला आधीच सांगितली गेली होती.

आजचा जीसीसी याच ठिकाणी ‘सजेस्ट परेंथेसिस अराउंड असाइनमेंट यूज्ड ॲज ट्रूथ व्हॅल्यू’ असे म्हणतो. याचा शब्दशः अर्थ ‘सत्यासत्य ठरवण्यासाठी वापरलेल्या असाइनमेंटभोवती आणखी एक कंस घालावा असे सुचवतो’ असा आहे, आणि नवशिके खरोखरच कंस घालून मोकळे होतात. वॉर्निंग जाते, चूक राहते. कंपायलरचे म्हणणे असे असते की तुला खरोखरच किंमत घालायची असेल तर जादा कंस घालून तसे मला सांग, नाहीतर तुला तुलना करायची होती का ते पाहा. या जादा कंसाचे एक प्रसिद्ध उदाहरण नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, कोडच्या एका प्रतीत कोणीतरी परस्पर दोन ओळी घुसडल्या. वेट४ नावाच्या फंक्शनमधील (फंक्शन म्हणजे नाव देऊन वेगळा ठेवलेला विधानांचा गट) एका अटीत वापरकर्त्याचा क्रमांक शून्याशी ‘तुलना’ केल्यासारखे दिसत होते, पण चिन्ह एकच होते. शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता. त्यामुळे ठरावीक पद्धतीने ते फंक्शन बोलावणाऱ्याला गुपचूप सारे अधिकार मिळाले असते. त्या असाइनमेंटभोवती आणखी एक कंसाची जोडी घातलेली होती, म्हणून कंपायलर गप्प राहिला असता. मुख्य भांडाराशी त्या प्रतीची जुळणी करताना फरक सापडला आणि तो बदल मूळ कर्नेलमध्ये गेलाच नाही. अतिशय कसबी माणसांच्या डोळ्यांतूनही जे एक चिन्ह निसटू शकते, त्याकडे तुझा कंपायलर रोज विनामूल्य लक्ष ठेवतो. त्याला गप्प करण्यासाठी कंस घालू नकोस.

मग ही गोष्ट एरर का नाही, असा प्रश्न तुला पडेल. सी भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत घडवली, ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या जाणत्या लोकांसाठी. लिहिणाऱ्याला आपण काय करतो ते कळते, असा तिचा विश्वास होता. संशयास्पद जागा शोधण्याचे काम तेव्हा कंपायलरकडे नव्हतेच. त्यासाठी स्टीफन जॉन्सन यांनी त्याच संस्थेत ‘लिंट’ नावाचा वेगळा प्रोग्राम लिहिला. पुढे ते काम हळूहळू कंपायलरनेच अंगावर घेतले. जुने लाखो ओळींचे प्रोग्राम एका दिवसात बंद पडू नयेत म्हणून अनेक तक्रारी वॉर्निंगच्याच पातळीवर ठेवल्या गेल्या. त्यांतील काही तर पुढे ढकललेल्या एररच आहेत. जाहीर न केलेले फंक्शन बोलावण्याची मुभा सी भाषेच्या १९९९ च्या अधिकृत मानकाने काढून टाकली, तरी जीसीसी ते वॉर्निंगवर चालवून घेत राहिला आणि २०२४ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीपासून ती एरर झाली. तुझ्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती आहे, म्हणून तुला ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ ही जांभळ्या रंगात दिसली. मामेभावाच्या नव्या यंत्रावर तीच लाल दिसेल.

ही वॉर्निंग तुझ्या दुसऱ्या कागदावर आहे आणि तुला सर्वांत जास्त छळणाऱ्या त्या शेवटच्या ओळीचे मूळ तिच्यात आहे. तू कॅल्क्युलेट हे फंक्शन लिहिलेस, पण बोलावताना त्यातील एक अक्षर गाळलेस. कंपायलरने आधी सांगितले की या नावाची जाहीर घोषणा मला दिसलेली नाही. तू ती वॉर्निंग सोडून दिलीस. मग दुसरा टप्पा आला. कंपायलरने भाषांतर केलेले तुकडे लिंकर नावाचा वेगळा प्रोग्राम एकत्र जोडतो, त्याने ते नाव सगळीकडे शोधले आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ म्हणून तेच चुकलेले नाव छापले. त्याखाली ‘कलेक्ट-टू: एरर: एलडी रिटर्न्ड वन एग्झिट स्टेटस’ ही ओळ आली. एलडी हे लिंकरचे नाव आहे आणि या ओळीचा अर्थ ‘लिंकरचे काम अपुरे राहिले’ एवढाच आहे. तिच्यात शोधण्यासारखे काहीही नाही. जे आहे ते तिच्या वरच्या ओळीत आहे. तू या शेवटच्या ओळीवर अडीच तास घालवलेस हे वाचून मला वाईट वाटले.

येथे दोन शब्दांतील फरक पक्का करून घे, कारण पुढची चार वर्षे तो तुझ्या उपयोगी पडेल. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे हे नाव कोणी सांगितलेच नाही. ही तक्रार कंपायलरची असते. ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे नाव सांगितले आहे किंवा गृहीत धरले आहे, पण त्यामागचा प्रत्यक्ष मजकूर सापडत नाही; ही तक्रार लिंकरची असते. हेडर फाइलमध्ये सहसा केवळ घोषणा असतात, मजकूर लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात, असतो. म्हणूनच गणिताची मॅथ.एच ही हेडर फाइल घेऊनही एखाद्या चल संख्येचे वर्गमूळ काढताना उबुंटूवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ येऊ शकते. तेव्हा आज्ञेच्या शेवटी, फाइलच्या नावानंतर, आडवी रेघ आणि लहान लिपीत ‘एलएम’ असे जोडावे, म्हणजे लिंकर गणिताच्या लायब्ररीतही शोधतो. अनडिफाइन्डची तक्रार आली असता हेडर फाइली वरखाली करत बसणे व्यर्थ आहे.

तिसऱ्या कागदावरील वॉर्निंग मला सर्वांत आवडली, कारण तिच्यापुढे तू खरा प्रश्न विचारला आहेस. ‘फॉरमॅट %एफ एक्सपेक्ट्स आर्ग्युमेंट ऑफ टाइप फ्लोट *, बट आर्ग्युमेंट २ हॅज टाइप डबल.’ तू लिहितेस, ‘मी डबल हा शब्द प्रोग्राममध्ये कुठेच वापरलेला नाही, मग तो आला कुठून?’ स्कॅनएफला वाचलेला आकडा कुठे ठेवायचा याचा पत्ता लागतो. तू रेटच्या आधीचे अँपरसँड चिन्ह विसरलीस, त्यामुळे पत्त्याऐवजी रेटची किंमत पाठवली गेली. संदेशातील फ्लोटच्या पुढची तारका म्हणजे ‘पत्ता’. आता डबलविषयी. फ्लोट आणि डबल हे दोन्ही दशांश संख्यांचे प्रकार आहेत, डबल अधिक मोठा. स्कॅनएफ आणि प्रिंटएफ ही कितीही आर्ग्युमेंटे (म्हणजे कंसात पाठवलेल्या गोष्टी) घेणारी फंक्शने आहेत, आणि अशा फंक्शनांच्या अनिश्चित भागात फ्लोट पाठवला की सी भाषेच्या नियमानुसार तो आधी डबलमध्ये रूपांतरित होतो. कंपायलरने रूपांतरानंतरचा प्रकार सांगितला. आणि ‘आर्ग्युमेंट २’ का, तर अवतरणचिन्हांतील मजकूर हे पहिले आर्ग्युमेंट धरले जाते. एकाच ओळीत त्याने काय हवे होते, काय मिळाले आणि कितव्या जागी मिळाले, हे तिन्ही सांगितले आहे. कोणताही संदेश वाचताना हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लाव. ही वॉर्निंग तशीच ठेवून प्रोग्राम चालवलास तर तो कधी कोसळेल, कधी विचित्र आकडा देईल आणि कधी योगायोगाने बरा चाललेलाही दिसेल. परीक्षेच्या दिवशी यांपैकी काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही.

वॉर्निंग पुरेशा दिसण्यासाठी त्या मागाव्या लागतात. मघाच्याच पद्धतीने ‘डब्ल्यूऑल’ आणि ‘डब्ल्यूएक्स्ट्रा’ हे दोन्ही पर्याय नेहमी दे. पहिल्याच्या नावात ‘ऑल’ असले तरी त्यात सर्व वॉर्निंग येत नाहीत, म्हणून दुसरा लागतो. उदाहरणार्थ, ऋण होऊ शकणारी आणि न होऊ शकणारी संख्या यांची तुलना केल्याची सूचना सी भाषेसाठी दुसऱ्या पर्यायात आहे. हाताला वळण लागेपर्यंत ‘डब्ल्यूएरर’ हाही पर्याय वापर. तो प्रत्येक वॉर्निंगला एररचे रूप देतो, म्हणजे ती ओलांडून जाण्याचा मोहच होत नाही. बहुतेक वॉर्निंगच्या शेवटी चौकोनी कंसात तिच्या पर्यायाचे नाव छापलेले असते. तेच नाव शोधयंत्रात घालावे. पूर्ण संदेश घातला तर त्यात तुझ्या चलांची नावे मिसळतात आणि भलतीच उत्तरे येतात.

एक संदेश वर्गात कोणी शिकवत नाही, म्हणून तो येथे सांगते. ‘स्ट्रे \३४२ इन प्रोग्राम’ असे आले तर तुझ्या तर्कात काही चूक नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या किंवा वर्डमध्ये लिहिलेल्या नोट्समधून कोड उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हे येतात, आणि ती सी भाषेला चालत नाहीत. ३४२ हा त्या चिन्हाच्या पहिल्या बाइटचा अष्टमान पद्धतीतील आकडा आहे. ती चिन्हे पुसून कळफलकावरून पुन्हा टंकलिखित करावी. तसेच तुमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत नाव वाचण्यासाठी ‘गेट्स’ हे फंक्शन असेल, तर त्याविषयीची वॉर्निंग गंभीरपणे घे. ते फंक्शन किती अक्षरे येतील याची मर्यादाच पाळत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने याच त्रुटीचा फायदा घेतला होता, आणि सी भाषेच्या २०११ च्या मानकातून गेट्स काढून टाकले गेले. त्याऐवजी ‘एफगेट्स’ वापर.

मैत्रिणी एआयला विचारतात याला माझा विरोध नाही. फक्त विचारण्यापूर्वी वहीत एक ओळ लिही: माझ्या मते कंपायलर असे असे म्हणतो आहे. मग उत्तर पाहा आणि आपले कुठे चुकले ते तपास. तयार दुरुस्ती उतरवून घेतली तर प्रोग्राम चालेल, पण तोंडी परीक्षेत आणि पुढे नोकरीत तोच संदेश पुन्हा अनोळखीच राहील.

याहून उपयोगी एक अभ्यास सांगते. एक दहा ओळींचा बरोबर चालणारा प्रोग्राम घे आणि तो मुद्दाम बिघडव. एक अर्धविराम काढ, कंपाइल कर, आलेला संदेश वहीत उतरव, समोर स्वतःच्या मराठीत अर्थ लिही, अर्धविराम परत घाल. मग महिरपी कंस काढ. मग चलनावातील एक अक्षर बदल, मग मेन या नावातील एक अक्षर बदल आणि लिंकर काय म्हणतो ते पाहा. मग फंक्शनमधील रिटर्नचे विधान काढून ‘कंट्रोल रीचेस एंड ऑफ नॉन-व्हॉइड फंक्शन’ ही वॉर्निंग मिळव. चूक कुठे आहे हे तुला आधीच ठाऊक असल्यामुळे भीती वाटणार नाही आणि संदेशाचा साचा मनात ठसेल. कमाटीबागेत फेरफटका मारायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात असे सात-आठ प्रयोग होतात. ज्यांना हे विशेष जड जात होते अशा मुलामुलींकडून मी हे करून घेतले आहे, आणि पंधरा दिवसांत त्यांची वाचण्याची गती बदललेली पाहिली आहे.

आता तुझ्या कराच्या शून्याविषयी. तू ‘टॅक्स = १५ / १०० * टोटल’ असे लिहिले आहेस. १५ आणि १०० या दोन्ही पूर्ण संख्या असल्यामुळे सी भाषा त्यांचा भागाकारही पूर्ण संख्येतच करते. १५ भागिले १०० याचे उत्तर ० येते आणि त्याला कशानेही गुणले तरी ० च राहते. भाषेच्या दृष्टीने हे विधान पूर्णपणे वैध आहे, म्हणून डब्ल्यूऑल आणि डब्ल्यूएक्स्ट्रा हे पर्याय दिले तरी जीसीसी येथे काहीही बोलत नाही. १५.० / १०० असे लिहिलेस की उत्तर येईल. कंपायलर गप्प आहे याचा अर्थ हिशेब बरोबर आहे असा नसतो, म्हणून घरच्या मागच्या बिलातील युनिटचा आकडा घे, प्रश्नपत्रिकेत दिलेल्या दराने कागदावर हाताने हिशेब कर, आणि प्रोग्रामचे उत्तर त्याच्याशी पैशापर्यंत जुळते का ते पाहून मगच ते प्रात्यक्षिकाच्या वहीत चढव. तीन वेगवेगळ्या युनिटसाठी हे कर: एक शून्य, एक दराचा टप्पा जिथे बदलतो नेमका तो आकडा, आणि एक त्याहून एकने जास्त.